मधला शब्द

आमच्या घरात देवघराशेजारी कॉम्प्युटरचा एक काळा, जुना डबा आहे. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसता पंखा घुरघुरत असतो. पाहुणे आले की विचारतात, हे काय? आई सांगते, "या आमच्या सुपरवायझरबाई." मग पाहुणे माझ्याकडे बघतात आणि मी चहा टाकायला आत जाते. प्रत्येकाला समजावून सांगायचा उत्साह माझ्यात आता उरलेला नाही. पण लिहायलाच बसले आहे तर पहिल्यापासून लिहिते.

शुगरमुळे आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. "तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं बरंच आहे म्हणा," असं ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली होती. ही माझी आई. उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि तोंडात "नमस्कार, क्रमांक सांगा." त्या नोकरीनं तिची जीभ इतकी घासूनपुसून स्वच्छ केली की कोथरूडच्या सोसायटीत कुणाला तिचं माहेर लोणी काळभोरचं आहे हे सांगूनही पटत नाही. फक्त चिडली किंवा घाबरली की तिच्या 'आहे-नाही'चं 'हाय-न्हाय' होतं. मी लहानपणापासून त्यावरूनच घरातलं हवामान ओळखत आले आहे.

डोळे गेले तेव्हा तिचा खरा जीव खाल्ला तो समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी. मी दिवसभर बाणेरला ऑफिसात. लग्नबिग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, त्यामुळे घरात दुसरं कुणी नाही. दुपारी आलेले मेसेज आईला त्या काकू येऊन वाचून दाखवायच्या. बाई मनानं चांगल्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वाचता वाचता निकालही द्यायच्या. "तुमच्या बहिणीकडून पेरू पाठवतो म्हटलंय. म्हटलंय हं. येतील तेव्हा खरं." आई संध्याकाळी माझ्यावर उखडायची. "आख्ख्या पुण्याची बोलणी माझ्या कानावरून गेली, मी कधी 'हूं' केलं नाही. आणि माझंच बोलणं ही बाई मला फोडणी घालून वाढते!" तिला आपलं आपण वाचायचं होतं, बास. एवढं जर मला आईसाठी करता येत नसेल तर मी कसली प्रोग्रामर, असं माझं मलाच लागून राहिलं होतं.

फोनमध्ये मेसेज वाचून दाखवायची सोय असते, नाही असं नाही. पण ती मराठी अशा थाटात वाचते की ऐकणाऱ्यावर उपकारच. शिवाय मेसेजमधलं प्रत्येक चित्र वाचते. "शुभ सकाळ, जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, गुलाबाचं फूल." आई म्हणाली, "तिला म्हणावं कळलं, आता हात सोड." म्हणून मी मधे बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. मेसेज आला की आधी तो या प्रोग्राममधून जायचा. प्रोग्राम चित्रं काढून टाकायचा, तारखा आणि आकडे नीट करायचा, जो शब्द शब्दकोशात सापडणार नाही तो कचरा समजून फेकायचा, आणि उरलेलं स्वच्छ मराठी आवाजाकडे सोपवायचा. आई खूश झाली. काकूंना आता ती नुसती चहाला बोलवायला लागली.

कुरकुर एकच होती. मी एक दुरुस्त करायला जायचे आणि दुसरं मोडायचं. तारखा नीट वाचायला शिकवल्या, तर फोन नंबर कोटींत वाचायला लागला. कोटींचं निस्तरलं, तर 'डॉ.' म्हणजे डॉक्टर हे विसरला आणि "डॉ पूर्णविराम" म्हणायला लागला. "काल येत होतं, आज येत नाही," हे आईचं रोजचं वाक्य झालं. "तू दुरुस्त करू नकोस ना गं, बरं चाललंय," असंही ती काकुळतीला येऊन म्हणायची. तेवढं ऐकलं असतं तर मी तिची मुलगी कसली!

लोणीला आईची थोरली बहीण. तिला घरात सगळेच ताई म्हणायचे. तिची मुलं, सुना, नातवंडं, दूध घालायला येणारा, सगळे. मीही तिला कधी मावशी म्हटलं नाही. तर त्या पावसाळ्यात ताई तापानं आजारी पडली आणि तिची सून, म्हणजे माझी वहिनी, रोज आईला मेसेज टाकून तब्येत कळवायची. एका दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला.

"ताई गेली गं."

"कोण म्हणालं?"

"फोननं वाचलं. ताई काल होत्या, आता नाहीत. म्या दोनदा ऐकलं."

त्या 'म्या'वरच मी मीटिंग सोडून उठले. घरी पोचले तर आई डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून सतरंजीवर बसली होती. जवळचं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडे आधी अंघोळ, मग बाकीचं. वहिनीला फोन लावला, तिनं उचलला नाही. ज्या घरात असं झालंय तिथे फोन कोण उचलणार, असं म्हणून मी परत लावलाच नाही. टॅक्सी केली. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलो तेव्हाही आईचं एकच चाललं होतं, "काल होत्या, आता नाहीत. असं कुणी लिहितं का गं?"

लोणीला पोचलो. आईचा हात धरून मी पडवीत शिरले, आणि समोर बघते तर बाजेवर शाल गुंडाळून ताई बसलेली. वाटीतली पेज पीत होती. आईला तर समोरचं काही दिसत नव्हतं, ती आपली हुंदके देत पुढे चालली होती.

"कोन हाय?" ताईनं विचारलं.

आई जागच्या जागी थांबली. तो आवाज तिला न ओळखून कसं चालेल?

"अगं तू व्हय! ये की. आन् केस वले कशापायी तुझे?"

ताई मोठी चतुर बाई. तिनं आईच्या केसांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि वाटी खाली ठेवली. "मला पोचवून आलीस व्हय गं?" असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली तरी हसणं थांबेना. आई तिच्याशेजारी बसून दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपत राहिली आणि रडत राहिली. "रडतीस काय खुळे," ताई म्हणाली. "जितेपणी मेल्याची बातमी आली की आयुष्य वाढतं. वाढलं बघ माझं."

वहिनी आतून पीठ माखलेल्या हातांनी धावत आली. फोन चार्जिंगला लावून ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. "अहो, मी तर नीटच लिहिलं होतं," म्हणत तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्यावर होतं, 'ताई काल बर्या होत्या. आता बर्या नाहीत.'

मला तिथल्या तिथे सगळं कळलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. 'बऱ्या' लिहिताना आपण तो अर्धा र य-च्या डोक्यावर चढवत नाही, त्याच्या पुढ्यात आडवा करतो. हा आडवा र फोनच्या कीबोर्डवर कुठे दडवून ठेवलेला असतो देव जाणे. घाईत माणूस साधे र आणि य जोडतो आणि र टुणकन वर जाऊन बसतो, 'बर्या'. अर्धा महाराष्ट्र असंच लिहितो, आणि वाचणारा ते मनातल्या मनात नीट करून घेतो. माझ्या प्रोग्रामला मन नव्हतं. शब्दकोशात 'बऱ्या' होतं, 'बर्या' नव्हतं. मग काय, कचरा, फेका. दोन वाक्यांतून एकेक शब्द गेला आणि साधा ताप आलेली बाई मेली.

घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "काढून टाक ते." दुसऱ्या दिवसापासून काकू पुन्हा यायला लागल्या. पेरू येतील तेव्हा खरं, हे पुन्हा सुरू झालं. आई ऐकून घ्यायची आणि हळूहळू ऐकेनाशीच झाली. "नंतर वाचू," म्हणायची आणि फोन उशीखाली सरकवायची. मला ते बघवेना. मी तिच्या हातापाया पडले, अक्षरशः. शेवटी ती म्हणाली, "एकदा. आणखी एकदाच. पुन्हा जर त्यानं शब्द खाल्ला तर तो फोन मी गॅलरीतून खाली टाकीन, आणि मरेपर्यंत वाचायचं नाव काढणार नाही. मग तूही काढायचं नाहीस." आई बोलते ते करते. माझ्या हातात ती एकच संधी होती.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, "अगं, ऑफिसात आपण जे करतो ते घरी का करत नाहीस? सीआय सर्व्हर लाव की." म्हणजे असं, की आपण प्रोग्राममध्ये कितीही बारीक बदल केला तरी एक यंत्र आपोआप जागं होतं आणि आजवरच्या सगळ्या परीक्षा त्या प्रोग्रामला पुन्हा द्यायला लावतं. कालपर्यंत जे येत होतं ते आज येतंय का, एवढंच ते बघतं. एकातही नापास झाला तर नवा प्रोग्राम पुढे जात नाही. ऑफिसात मी हे यंत्र रोज वापरते आणि घरी आईच्या जिवाशी खेळताना मला ते आठवलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "इंटरनेटवर फुकट मिळतं. दोन क्लिकचं काम."

पण परीक्षेला वाक्यं कुठली द्यायची? मी माझ्या मनानं टाइप केलेली वाक्यं कामाची नव्हती. मी आडवा र बरोबरच काढते, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर सगळं नेहमी पासच. आईला येतात तेच मेसेज हवे होते, त्यांच्या चुकांसकट. आईला विचारलं, ते मेसेज इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवू का? तिनं भुवया वर केल्या.

"कुठं असतो तो सर्व्हर?"

"असेल कुठेतरी. परदेशात."

"ताईला जुलाब झाले हे तू परदेशात कळवणार?"

"कुणी वाचत नाही गं ते."

"बोर्डावर आम्हाला प्रत्येकाचं बोलणं ऐकू यायचं. आम्हीही ऐकत नव्हतो. पण ऐकू यायचं." एवढं बोलून तिनं विषय संपवला.

म्हणून मी माळ्यावरचा माझा जुना कॉम्प्युटर खाली काढला, गॅलरीत नेऊन ब्रशनं त्याची धूळ झाडली आणि रविवारी सकाळी तो देवघराशेजारी आणून ठेवला. तिथेच का, तर वायफायची वायर त्या कोपऱ्यातून घरात येते. आई निरांजन लावता लावता त्याचा पंखा ऐकत होती. मी तिला समजावलं, की आता हा डबा माझ्या प्रोग्रामच्या मानगुटीवर बसणार. ती म्हणाली, "म्हणजे सुपरवायझर. आमच्या मागे उभी असायची. आपल्याला कळायचंही नाही आणि तिनं मधेच हेडफोन लावून ऐकलेलं असायचं." तेव्हापासून त्या सुपरवायझरबाई.

तिनं आणखी एक विचारलं. "आम्ही नंबर परत म्हणून दाखवायचो. गिऱ्हाईक म्हणालं की आम्ही म्हणायचो, तो हो म्हणाला की मगच जोडायचो. तुझं यंत्र परत म्हणून दाखवतं का?" नव्हतंच दाखवत. मग मी पहिली परीक्षा तीच लिहिली. आत जितके शब्द गेले तितके बाहेर आलेच पाहिजेत, त्याच क्रमानं. शब्दकोशात नसेल तर अडखळत वाच, अक्षर अक्षर वाच, पण गिळू नकोस. हे जुन्या वाक्यांपुरतंच ठेवलं नाही. आईच्या फोनवर येणारा प्रत्येक नवा मेसेज घरातल्या घरात वायफायवरून बाईंकडे जायचा आणि त्या आत गेलेलं आणि बाहेर आलेलं ताडून बघायच्या. आईला डब्यावरचे बारीक दिवे दिसत नाहीत, म्हणून सगळं पास झालं की जुन्या काळ्या टेलिफोनसारखी घंटी वाजवायची असं ठरलं. नापास झालं तर शांतता.

संध्याकाळपर्यंत मांडामांड झाली. घंटी वाजली. मी हुरळून गेले, पण आई कसली हुरळते! "आधी नापास करून दाखव," ती म्हणाली. "सगळ्यांना पास करणारी परीक्षा काय चाटायचीय?" बरोबरच होतं. मी मुद्दाम प्रोग्राममध्ये तो शब्द फेकण्याचा जुना नियम परत घातला आणि पाठवला. दोघी कान टवकारून बसलो. पंखा घुरघुरला. आणि ट्रिंग ट्रिंग! ठणठणीत पास.

आई म्हणाली, "झोपल्यात तुझ्या बाई."

झोपल्याच होत्या. शोधून शोधून मला कळलं, की सर्व्हर माझा नवा प्रोग्राम उचलतच नव्हता. पहिल्यांदा घेतलेली जुनी प्रत तेवढी त्याच्याकडे होती आणि तिचीच तो पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊन पुन्हा पुन्हा शाबासकी देत होता. मी कपाळाला हात लावला. असा सर्व्हर घरात असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण आपण निर्धास्त राहतो. ते निस्तरलं आणि बिघडवलेला प्रोग्राम पुन्हा पाठवला. पंखा घुरघुरून थांबला. घंटी नाही. आम्ही दोघी त्या शांततेत बराच वेळ बसलो आणि आईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. "आता ठीक," ती म्हणाली. "हिला नापास करता येतं."

पुढे 'बर्या'चं मूळ दुखणं बरं करायचं होतं. मी आपली शहाणी. जिथे जिथे र वर चढलाय तिथे तिथे त्याला खाली आणून आडवा करायचा, असा नियम लिहून टाकला. माझ्या लॅपटॉपवर 'बर्या'चं 'बऱ्या' झालं, मला कृतकृत्य वाटलं. बाईंकडे पाठवलं तर घंटी नाही. बघते तर नापासांची ही भलीमोठी रांग. मंगल कार्यालयाचं 'काऱ्यालय' झालेलं, मर्यादेची 'मऱ्यादा'. आणि आईच्या भजनी मंडळाचा मेसेज होता, आचार्यांच्या प्रवचनाला अवश्य यावे. तो माझ्या प्रोग्रामनं वाचला, "आचाऱ्यांच्या प्रवचनाला अवश्य यावे."

आईनं तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "जाऊ की. स्वयंपाक्याचं प्रवचन म्हणजे निदान जेवायला तरी घालतील." आणि लोणीहून आल्यापासून पहिल्यांदा ती खळखळून हसली. मी हसता हसता आत जाऊन डोळे पुसून आले. प्रत्येक शब्दाचं खरं रूप शब्दकोशात पाहूनच र हलवायचा, असा नियम मग मी नीट लिहिला. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि आईनं फोन उशीखालून काढला.

या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा अर्थात वहिनीचं ते वाक्य होतं. 'ताई काल बर्या होत्या. आता बर्या नाहीत.' प्रत्येक बदलाच्या वेळी, आणि बदल नसला तरी रोज सकाळी एकदा, पहिली परीक्षा तीच. आईला ते आधी खटकलं. "रोज उठून तिला आजारी पाडायचं म्हणजे काय? 'बऱ्या आहेत' कर." मी म्हटलं, अगं, त्यात शब्द खाल्ला तरी 'आहेत'च उरणार, ऐकणाऱ्याला चूक कळणार कशी? 'नाहीत'च हवं. ती घुश्श्यात बसली आणि तिनं सरळ ताईलाच फोन लावला. ताईला भारी मजा वाटली. "म्हणू दे की. रोज माझी मेल्याची बातमी खोटी ठरतीया, म्हणजे रोज माझं आयुष्य वाढतंय." त्यानंतर दोघींचा नेमच होऊन गेला. ताई संध्याकाळी फोन करायची आणि हॅलो न म्हणता विचारायची, "पास का नापास?"

आई म्हणायची, "पास."

"मग हाय म्हणायची मी," असं म्हणून ताई पुढच्या गप्पा सुरू करायची.

मी कामावरून येऊन चप्पल काढताना हे ऐकायचे. ऑफिसात आम्ही या परीक्षांबद्दल किती रुक्ष बोलतो! कुठली चूक कधी सापडली, कुणी सुधारली, आता ती पुन्हा येऊ नये म्हणून ही परीक्षा, पुढे चला. घरी मला कळलं, की प्रत्येक परीक्षेमागे कधीतरी कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो. यंत्राला त्यातलं काही माहीत नसतं. ते नुसतं शब्द मोजतं. पण त्याच्या त्या मोजण्यावर माझ्या आईनं पुन्हा विश्वास टाकला होता, आणि तो मला माझ्या कुठल्याही पगारवाढीपेक्षा मोठा वाटत होता.

सुपरवायझरबाईंची एकच सुट्टी, गुरुवार. आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी. फोन तेव्हाही मेसेज वाचतोच, पण ताडून बघायला बाई नसतात. लाईट आली की डबा आपला आपण सुरू होऊन राहिलेले सगळे मेसेज तपासायचा आणि घंटी द्यायचा, तशी सोय मी केली होती. आई गुरुवारी आलेल्या मेसेजवर घंटी होईपर्यंत विश्वास ठेवायची नाही. "कच्चं आहे अजून," म्हणायची.

असाच एक गुरुवार. थंडी संपत आली होती. ताईचा फोन तीन-चार संध्याकाळी आला नव्हता. तिला दवाखान्यात ठेवलंय, ऑक्सिजन लावलाय, हे आम्हाला माहीत होतं. आईला शनिवारी घेऊन जायचं मी ठरवलं होतं. मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"परत शब्द खाल्ला बघ तुझ्या मशीननं! किती वेळा सांगितलं, हात लावू नकोस म्हणून. ये आणि बघ काय घोळ घातलायस तो."

"काय वाचलं?"

"ताई आता नाहीत म्हणतंय. मधला शब्द न्हाय त्यात."

मी प्रोग्रामला महिनाभर हात लावलेला नव्हता. गाडी काढायच्या आधी मी पार्किंगमधूनच वहिनीला फोन लावला. या वेळी तिनं तो लगेच उचलला. मला जे कळायचं ते कळलं. पौड रोडवर येईपर्यंत माझं मीच पाठ करत होते, आईला कसं सांगायचं, आधी काय म्हणायचं.

घरात शिरले तर आई देवघरासमोर पाट टाकून बसली होती, त्या बंद डब्याकडे तोंड करून. केस कोरडे होते. नीट विंचरून अंबाडा घातलेला. मी म्हटलं, "आई."

"थांब," ती म्हणाली. "लाईट न्हाय. बाई बंद हायेत. कच्चं हाय ते अजून."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिच्या हातातून फोन घेतला. वहिनीनं लिहिलं होतं, 'ताई आता नाहीत. मावशी, तुम्ही लगेच या.' त्यात आडवा र नव्हता, चढलेलाही नव्हता. खाण्यासारखं काही नव्हतंच. आईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खालून भंगारवाल्याची आरोळी येऊन गेली.

मग फ्रिज थरथरला. लाईट आली. डब्याचा पंखा घुरघुरायला लागला. आईनं पदर सावरला आणि मान थोडी तिरकी केली, बोर्डावर बसल्यासारखी. इतके महिने मी देवघराशेजारच्या त्या घंटीसाठी धडपडले होते. त्या दिवशी मी मनापासून म्हटलं, देवा, नापास कर. एकदा तरी माझी चूक निघू दे.

घंटी वाजली.

आईनं मान सरळ केली. मग म्हणाली, "सगळं पास?"

"हो."

"परत म्हणून दाखव."

मी फोन समोर धरला, पण मला अक्षरं दिसत नव्हती. न बघताच म्हटलं, "ताई आता नाहीत."

"मधे काही?"

"मधे काही नाही, आई."

तिनं मान हलवली. माझ्या खांद्यावर हात टेकवून ती उठली, भिंत चाचपत बाथरूमपर्यंत गेली आणि तिनं गीझरचं बटण दाबलं.